शंभर पौंड हवा

मिस्त्रीला झटका आला त्याला पाच महिने होत आले होते. ट्रकचं चाक खोलता खोलता तो एका अंगावर कलंडला, आणि थोरल्या भावानं धावत येऊन त्याला उचललं तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. जीव वाचला. उजवा पाय थोडाफार माघारी आला, फरफटत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. बोलणं गेलं नाही, पण तोंडात ओला बोळा कोंबावा तसं झालं. तो काय म्हणतोय ते नीट कळायचं एकट्या त्याच्या बायकोला. सासरी आल्यापासून तिला सगळे धाकटी म्हणायचे. चाळिशी ओलांडली, लेक लग्न होऊन लांब गेली, तरी ती धाकटीच राहिली होती.

फाट्यावर दोघा भावांचं टायरचं दुकान होतं. झटक्यानंतर दोन महिन्यांनी मिस्त्री काठी टेकत तिथं जाऊन बसू लागला. बसून नुसतं बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो बसल्या जागेवरून सांगत राहायचा, आणि गिऱ्हाइकं थोरल्याला विचारायची, "काय म्हणतोय?" थोरल्यालाही कळायचं नाही. तो "हो, हो" म्हणून कामाला लागायचा. एक दिवस एक ड्रायव्हर त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसला. मिस्त्रीनं डाव्या हातानं पाना फेकला. लागला कुणालाच नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला त्याची पान्यांची पेटी खांद्यावर घेऊन घरी आला आणि ओट्यावर ठेवून म्हणाला, "आता घरीच आराम कर. तिथली धूळ, ऊन तुला सोसत नाही."

मिस्त्री काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय गं?"

"विचारतायत, पेटी आणली, मशीन कधी आणणार?" धाकटी म्हणाली.

थोरल्यानं खांदा चोळला. "मशीन म्हणजे दुकान. ते उचललं तर मी काय करू?" आणि तो निघून गेला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हवेच्या मशीनशिवाय टायरचं दुकान म्हणजे नुसती सावली.

मग उन्हाळा लागला. शेतं उघडी पडली, ढेकळं तापून दगडासारखी झाली. ज्यांच्या शेतात धाकटी रोजानं जायची, ते म्हणाले, आता काम नाही, पुढच्या पेरणीला ये. उन्हात रस्त्यावरची टायरं मात्र पटापट फुटत होती. धाकटीनं घरापुढं चार वाशांवर पत्रा टाकला, पेटी उघडली, आणि वीस वर्षं नवऱ्याला बघून जे डोळ्यांत बसलं होतं ते हातानं करायला लागली. सायकलची पंचर निघायची, हातगाड्यांची निघायची. हवा भरायला पायानं दाबायचा पंप होता.

एक दिवस एक ट्रॅक्टरवाला मागचं मोठं चाक घेऊन आला. पंचर तिनं बरोबर काढली. मग पंपावर उभी राहिली. शंभर दाब, दोनशे दाब. पदर कमरेला खोचलेला, पोटरीला गोळे आलेले, मानेवरचा घाम पाठीत उतरत होता, आणि टायर अजून म्हाताऱ्याच्या गालासारखं आत बसलेलं. ट्रॅक्टरवाला आधी सावलीत बसला होता. मग उठून उभा राहिला. मग त्याच्यानं बघवेना.

"राहू दे बाई. जीव जाईल तुझा. फाट्यावर भरून घेतो."

चाक घरंगळवत तो गेला. धाकटी पंपाला धरून उभी राहिली, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मिस्त्री खाटेवरून सगळं बघत होता. तो म्हणाला, "मशीन करू."

"कसलं मशीन?"

"हवेचं. आपलं."

तिला वाटलं, आता डोकंही गेलं.

पण डोकं शाबूत होतं. डाव्या हाताच्या बोटानं त्यानं धुळीत आकृती काढली. खाली टाकी. वर एका बाजूला मोटर, दुसऱ्या बाजूला हेड, म्हणजे पिस्टन खालीवर होऊन हवा दाबतो तो भाग. दोघांना जोडणारा पट्टा. हेडातून टाकीत जाणारी नळी. "एवढंच असतं," तो म्हणाला. "एवढं सगळं कुठं ना कुठं पडलेलं असतं."

मोटर पिठाच्या गिरणीतून मिळाली. गिरणीवाल्यानं नवी बसवली होती, जुनी पोत्यांमागे पडून होती. तांब्याची नळी निघाली एका मोडक्या फ्रिजमधून. बाकीच्यासाठी भंगाराच्या अड्ड्यावर जायला हवं होतं, तो दीड कोसावर. मिस्त्री एवढा चालू शकत नव्हता, आणि स्वतः बघितल्याशिवाय लोखंड घेणार नव्हता. धाकटीनं शेजारची हातगाडी मागून आणली. मिस्त्रीनं गाडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि पाठ टेकवून वर सरकला. रस्त्यानं येणारेजाणारे वळून बघत होते. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि गाडीच्या फळ्यांकडे बघत राहिला.

भंगारवाला म्हातारा बहिरा होता. मिस्त्री काय बोलतो ते कळत नाही, म्हणून तो कान पुढं करायचा. कान पुढं करून उपयोग नव्हता. एकाला बोलता येत नव्हतं, एकाला ऐकू येत नव्हतं, आणि मधे उभी राहून धाकटी ओरडत होती. "हेड म्हणतायत, हेड! पिस्टनवालं!" अड्ड्यावरची कुत्री भुंकायला लागली. म्हातारा हसला तसा मिस्त्रीही ओघळल्या तोंडानं हसला. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

हेड मिळालं. लोखंडी चाकासकट, गंजलेलं, पण फिरणारं. टाकी मिळाली गाड्या रंगवायच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातली, लांबट, हिरवी, अर्धी मातीत रुतलेली. मिस्त्रीनं तिच्यावर काठी आपटली. आवाज ऐकून मान हलवली. चांगली आहे.

गाडीत लोखंड चढवताना म्हाताऱ्यानं धाकटीला बाजूला घेतलं. "हवा भरायच्या आधी पाणी भर हिच्यात. काठोकाठ. आणि मग दाब दे. पाणी दबत नाही, म्हणून फुटली तरी नुसती गळते. हवा तशी नाही. हवा दबून बसते, डूख धरून. फुटली की पत्रे उडतात, माणसं जातात. मी एकाला उचललेलं आहे."

"काय सांगत होता?" वाटेत मिस्त्रीनं विचारलं. आता तो लोखंडावर बसला होता, आणि गाडी ढकलताना धाकटीच्या मनगटांना कळ येत होती. तिनं सांगितलं.

"त्याला काय कळतं," मिस्त्री म्हणाला.

चौकटीला लोखंड नव्हतं. घरात लोखंडाची एकच वस्तू होती, मिस्त्रीची खाट. त्यानंच बोट दाखवलं. वेल्डिंगवाल्यानं ती कापून चौकट करून दिली, आणि त्या दिवसापासून मिस्त्री जमिनीवर झोपायला लागला. खाटेवरून तो आपला आपण उठायचा. जमिनीवरून उठवताना धाकटीला त्याच्या काखेत हात घालून, गुडघा रोवून त्याला वर खेचावं लागायचं. सकाळी पहिलं काम ते.

मग जोडणी सुरू झाली. कशाचं तोंड कशाला लागत नव्हतं. हेडाच्या तोंडाचे आटे एका मापाचे, नळीच्या टोकाचे दुसऱ्या मापाचे. मोटरचा दांडा बारीक, चाकाचं भोक मोठं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, दांड्याभोवती गुंडाळून ते भरून काढायचं. मिस्त्री भिंतीला टेकून बसायचा आणि सांगायचा. धाकटी उकिडवी बसून करायची. पत्र्याखाली दुपारी इतकं तापायचं की पाना फडक्यात धरावा लागे.

"आधी उलटा फिरव," तो सांगायचा. "टक् झालं की सुलटा. आटा आपला आपण बसतो. जबरदस्ती नाही करायची."

ती उलटा फिरवायची, टक् ऐकायची, सुलटा फिरवायची. दहा वेळा जमायचं, अकराव्या वेळी आटा तिरका जायचा.

"हात आहेत की ओंडके?"

ती आटा सोडवून पुन्हा लावायची. बोलून उपयोग नव्हता. तिला कळत होतं, तो तिच्या हातांवर चिडत नव्हता. पण ते शब्द पडायचे तिच्याच अंगावर.

चौथ्या दिवशी पितळेचा एक जोड तिच्या हातून चिरला. तेवढा एकच होता. मिस्त्रीनं डावा हात उगारला आणि तिच्या मनगटावर फटकन मारला. फार जोरात नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाना फडक्यानं पुसला, पेटीत जागच्या जागी ठेवला, कळशी उचलली आणि पाण्याला म्हणून गेली.

ती दुपार उलटून गेली तरी आली नाही. हापशाजवळच्या झाडाखाली बसून राहिली. बायका येत होत्या, भरून जात होत्या. एकीनं विचारलं, "बरं नाही का?" ती म्हणाली, "पाय दुखतायत." आणि ते खरंच होतं. आपण नसताना त्याला तहान लागली तर, एवढं एक मनात आलं, आणि तेवढ्यासाठी उठून जावं लागतंय याचाच तिला राग आला.

ती परत आली तेव्हा मिस्त्री चौकटीशी आडवा झालेला होता. पडला असं वाटून ती धावली. तो पडला नव्हता. मोटर चौकटीवर सरकवून, डाव्या पायानं दाबून धरून तो बोल्ट बसवत होता. बोल्ट दातांत धरायचे, तोंडानं भोकात सोडायचे, आणि डाव्या हातानं आवळायचे. ओठ तेलानं काळे झाले होते. हनुवटी सोलून रक्त आलं होतं. सकाळपासून चार बोल्ट.

"एक वाकडा गेला," तो म्हणाला.

धाकटीनं त्याला आधी पाणी पाजलं. मग पाना घेऊन वाकडा गेलेला बोल्ट काढला, उलटा फिरवला, टक् झाल्यावर सुलटा बसवला. दोघांपैकी कुणीच सकाळचा विषय काढला नाही. त्यानं पुन्हा हात मात्र उचलला नाही.

दहाव्या दिवशी सगळं जागच्या जागी लागलं. पट्टा चढला, हेडात तेल पडलं, दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ बसलं, वायर ओढून भिंतीवर बटण लागलं. मिस्त्रीच्या डोळ्यांत चमक आली होती.

"कर चालू."

"पाणी भरायचंय अजून टाकीत," धाकटी म्हणाली.

"कशाला पाणी? काठीनं वाजवून बघितलीय मी."

"म्हातारा म्हणाला होता."

"वीस वर्षं हवा भरतोय मी! म्हाताऱ्यानं भरलीय का कधी?"

"फाट्यावरची टाकी तुमच्या हातची होती. रोज आत साचलेलं पाणी काढायचात, पुसायचात. ही कुणाच्या हातची होती, ठाऊक आहे का?"

मिस्त्री काठी टेकत उठला. बटणाकडे निघाला. धाकटी त्याच्या आधी पोचली आणि बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"हो बाजूला."

"नाही होत."

त्यानं काठी उचलली. काठी उचलली तसा त्याचा तोल गेला, भिंतीला धरून सावरावं लागलं. ती हलली नाही. एवढ्या वर्षांत ती त्याच्या आडवी कधी गेली नव्हती. तो तसाच मागे फिरला आणि जागेवर जाऊन बसला. दुपारचं जेवण झालं. उन्हं कलायला लागल्यावर त्यानं पायानं पेटी पुढं ढकलली.

"ग्रीसची गन आहे आत. टाकी काठोकाठ भर. एक बुडबुडा राहता कामा नये. मग गन लाव आणि दाब."

आठ कळशा पाणी लागलं. हापशाला धार लहान झाली होती, बायका म्हणाल्या, "एवढं पाणी लोखंडाला पाजतेस?" ती कळशी उचलून चालू लागली. आठवी कळशी ओतून टाकी तोंडाशी आली. तिनं बूच लावलं, गन जोडली आणि दांडा दाबायला लागली. चिकट ग्रीस आत जाऊ लागलं, तसा काटा वर चढला. तीस. साठ. ऐंशी. मिस्त्री काट्याकडे बघत होता. "शंभर पौंडावर चालवायची तर दीडशेला टिकली पाहिजे," तो म्हणाला. नव्वदला टाकीच्या पोटाखाली घामासारखा थेंब आला. धाकटीनं वाकून बघितलं.

"थांबू का?"

"दाब."

एकशे दहाला कापड फाटावं तसा आवाज झाला. मोठा नाही. टाकीच्या तळाला वीतभर चीर गेली आणि तांबडं, गंजाचं पाणी भसाभसा धाकटीच्या पावलांवर आलं. काटा एका क्षणात शून्यावर पडला.

मिस्त्री काठी टेकत जवळ आला. चिरेच्या कडेला त्यानं नख लावलं. पत्रा कागदासारखा मोडला. वरून हिरवा रंग, आणि आतून काही उरलेलंच नव्हतं. तो पुन्हा पुन्हा नख लावत राहिला. मग म्हणाला, "माझं ऐकून चालू केलं असतंस, तर तू कुठं उभी असतीस?"

तिनं दाखवलं. बटणाशी. टाकीपासून दोन हातांवर.

"आणि मी?"

तिनं दाराकडं बघितलं. त्याला ठाऊकच होतं. तो दारापलीकडे, भिंतीच्या आडोशाला असता, जिथं जरा वारा लागायचा.

त्या रात्री त्यानं नीट जेवण केलं नाही. धाकटीनं चिरेखाली बादली धरून राहिलेलं पाणी गोळा केलं होतं. त्याच पाण्यानं तिनं ओटा धुतला.

सकाळी उठवल्यावर तो म्हणाला, "धुतलेला सदरा दे. दादाकडं जातो."

"मी येते."

"नको."

तिनं सदरा घातला, लोंबता हात बाहीतून काढून दिला, बटणं लावली. तो निघाला. ती पन्नास पावलं मागं राहून चालत गेली. चांगला माणूस दहा मिनिटांत पोचला असता. मिस्त्रीला जवळजवळ तास लागला. दोनदा तो थांबला. मागे वळून बघितलं नाही, पण ती आहे हे त्याला माहीत असावं.

दुकानात गर्दी होती. दोन ट्रॅक्टर, एक टेम्पो. मशीन धडधडत होतं. थोरला भाऊ बघून उठला. "अरे, तू? चालत? ये, बस." मिस्त्री बसला नाही. त्यानं एक शब्द म्हटला. थोरल्याला कळला नाही. "पाणी हवं? पाणी आण रे कुणीतरी." मिस्त्रीनं मान हलवली, पुन्हा म्हटला. टेम्पोवाला दुसरीकडे बघायला लागला. रस्त्यापलीकडे उभ्या धाकटीला तो शब्द इतक्या लांबूनही कळत होता. टाकी. तिची पावलं उचलली होती. तिनं ती आवरली.

मिस्त्री काठी टेकत दुकानाच्या बाजूला गेला, थोरला मागोमाग. तिथं मोडीत काढलेल्या एका ट्रकच्या ब्रेकच्या दोन हवेच्या टाक्या पडल्या होत्या, जाड पत्र्याच्या, काळ्या. एकीवर त्यानं डावा हात ठेवला आणि म्हणाला, "दे."

हा शब्द सगळ्यांना कळला. लहानपणापासून मिस्त्री थोरल्याला "दे" म्हणाला नव्हता. पाहिजे ते उचलायचा, नाहीतर नको म्हणायचा.

"कशाला रे?"

"मशीन."

थोरल्यानं मान वर केली. रस्त्यापलीकडची धाकटी त्याला दिसली. तिचे कोपरापर्यंत काळे झालेले हात दिसले. त्यानं मशीन बंद केलं. काळी टाकी खांद्यावर घेतली.

"अहो, माझी हवा?" ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"थांबा."

मिस्त्री पुढे निघाला, एक पाय टाकत, एक ओढत. थोरला मागे. टाकी जड होती, खांद्याला रुतत होती, भरभर चालून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटलं असतं. पण तो भावाच्या पुढे गेला नाही. मिस्त्री थांबला की थांबायचा, खांदा बदलायचा, पुन्हा मागून चालायचा. धाकटी दोघांच्या मागून येत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

घरी आल्यावर थोरल्यानं टाकी उतरवली आणि चौकट बघितली. खाटेचे पाय त्यानं ओळखले. आत डोकावून बघितलं तर जमिनीवर अंथरूण. त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला.

पाणी पुन्हा भरलं. थोरल्यानं ग्रीसच्या गनला हात घातला तसा मिस्त्री म्हणाला, "नको." मग धाकटीकडे बोट केलं. थोरला बाजूला सरकला. तिनं दांडा दाबला. शंभर. एकशे वीस. दीडशे. काटा दीडशेवर उभा राहिला. तिघं चहा होऊन पिऊन संपेपर्यंत बघत राहिले. काटा केसभर हलला नाही. टाकीचं अंग कोरडं ठणठणीत.

बसवायला आणखी दोन दिवस गेले, कारण या टाकीचे आटेही कशाशी जुळत नव्हते. थोरला दोन्ही दिवस दुपारी दुकान बंद करून आला. दाब जास्त झाला की हवा आपोआप सोडणारा एक व्हॉल्व्ह त्यानं खिशातून आणला. धाकटीला तो म्हणाला, "हा नवा आहे. बाकी सगळं जुनं चालेल, हा जुना चालत नाही." तिनं तो बसवला. उलटा, टक्, सुलटा.

तिसऱ्या दिवशी तिनं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, पट्टा सरकला, लोखंडी चाकानं वेग घेतला, आणि सगळं मशीन जमिनीवर नाचायला लागलं. थोरल्यानं पायाखाली दगड लावले. काटा वर निघाला. ऐंशी. शंभर. त्याच्यावर जरा गेला, आणि व्हॉल्व्ह असा काही ओरडला की मिस्त्री दचकून मागे गेला. थोरला मागेच होता. त्यानं भावाला दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि हवा सुटायची थांबली तरी बराच वेळ तसाच धरून राहिला. धाकटीनं बटण बंद केलं आणि पाठमोरी होऊन, पुसायचं काही नव्हतं तरी टाकी पुसत राहिली.

त्यानंतर तीन-चार दिवसांत फाट्यावर गर्दी झाली की थोरला गिऱ्हाइकं इकडे पाठवायला लागला. त्यातलाच एक ट्रॉलीवाला एका तापल्या दुपारी आला. भरलेली ट्रॉली, डावीकडचं टायर बसलेलं. घाईत होता. "हवा भरा. कडक भरा, माल जास्त आहे."

धाकटी चाकाशी बसली. टायरच्या बाजूला हात फिरवला. एका जागी हात थांबला. तिथं रबराखाली सुपारीएवढा फुगा आला होता. तिनं बोटानं दाबून बघितलं. आतले धागे तुटलेले.

"कडक नाही भरता येणार. हे उन्हात रस्त्यावर फुटेल. माल उतरवा, टायर बदला, मग न्या."

"अगं बाई, तू हवा भर. बाकीचं मी बघतो."

"नाही भरत."

ट्रॉलीवाल्यानं तिच्या डोक्यावरून मागे बघितलं. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. "मिस्त्री, तुम्ही सांगा हिला. एवढ्याशा फुगवट्याला काय होतंय? तुमचं सगळं आयुष्य यात गेलं."

मिस्त्री काठी टेकून उठला. चाकापर्यंत आला. वाकायला वेळ लागला. त्यानं अंगठा त्याच जागी ठेवून दाबला. मग सरळ झाला आणि बोलला. लांबलचक बोलला, मधे दम घेत. ट्रॉलीवाला कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, पण त्याला ओ की ठो कळलं नाही. तो धाकटीकडे वळला.

"काय म्हणाले?"

मिस्त्री म्हणाला होता, वीस वर्षांत मी असलं टायर कितीदा भरून दिलं असेल, आणि पुढे काय झालं ते बघायला गेलो नाही. माझी टाकीही मी तशीच भरणार होतो. हिनं भरू दिली नाही, म्हणून आज ही इथं उभी आहे. हिचा हात जिथं थांबतो तिथं माझा थांबत नव्हता. हिचं ऐक.

धाकटीनं तोंड उघडलं. आजवर त्याचा प्रत्येक शब्द तिनं लोकांना सांगितला होता, शिव्यासुद्धा. हे मात्र तिला सांगता येईना. तिनं काळ्या मनगटानं कपाळ पुसलं.

"म्हणतायत, टायर बदला," ती म्हणाली, आणि जॅक आणायला वळली.